शार्कच्या टाकीतले निरीक्षकसाहेब

निरीक्षकसाहेबांनी फ्रिजच्या माथ्यावरून बोट फिरवलं, ते खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिलं आणि मग बायकोच्या नाकासमोर नेलं.

"हे काय आहे?"

"बोट आहे," बायको म्हणाली. ती भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

"बोटावर काय आहे?"

"धूळ असेल. फडकं तिथंच खिळ्याला आहे. पुसून टाका."

पुसून टाका! तेहतीस वर्षं त्यांनी शहरातल्या हॉटेलांची, बेकऱ्यांची आणि वसतिगृहांच्या भटारखान्यांची तपासणी केली होती. घाण शोधायची, दाखवायची आणि शेरा मारायचा, एवढंच त्यांचं काम. ती काढायची कुणी, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर कधी आलाच नाही. ऑफिसात नाही, आणि घरात तर नाहीच नाही, कारण घरात त्यांना कंबरेचा त्रास होता. ही कंबर मोठी विलक्षण होती. सकाळी जलतरण तलावात चाळीस फेऱ्या मारताना ती चकार शब्द काढायची नाही, पण झाडू, बादली किंवा फरशीचं फडकं लांबून जरी दिसलं तरी धरायची.

नोकरी होती तोवर हे सगळं रविवारपुरतं असायचं आणि बायको ते सोसायची. आता निवृत्तीला दोन महिने झाले होते आणि रोजच रविवार होता. पहिल्या आठवड्यात साहेबांनी डब्यांच्या झाकणांवर तारखा चिकटवल्या. दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या दाराला एक शेरेबुक टांगलं आणि त्यात पहिला शेरा लिहिला : 'गाळणीचा दांडा चिकट. सुधारणा अपेक्षित.' बायकोनं ते शेरेबुक उसवून त्याची पानं मांडणीत डब्यांखाली अंथरली. साहेबांनी त्यावरही शेरा मारला असता, पण लिहायला पानच शिल्लक नव्हतं.

आज मात्र बायकोनं सुरी खाली ठेवली.

"अहो, बसा जरा. मी तुम्हाला एक महिना देते."

"कसला महिना?"

"आठवड्यातले तीन दिवस, निदान चार-चार तास, तुम्ही घराबाहेर कुठंतरी जायला लागा. कुठंही जा. माझं काही म्हणणं नाही. नाहीतर मी ताईकडे राहायला जाते. चार दिवसांसाठी नाही, कायमची. तिनं मागची खोली रंगवायला काढलीय."

चौतीस वर्षांच्या संसारात बायको आपल्या थोरल्या बहिणीकडे निघून जायचं कितीदा म्हणाली होती, त्याला गणती नव्हती. पण ते ओरडून, भांडी आपटून. आज ती हळू आवाजात बोलत होती, आणि तिकडे खोलीला रंग लागत होता.

"कुठला रंग?" त्यांनी विचारलं. दुसरं काही सुचेचना.

"आकाशी."

म्हणजे रंगसुद्धा ठरला होता.

तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची जाहिरात दिसली. शहरातल्या मत्स्यालयाला स्वयंसेवक हवे होते, मंगळ, गुरू आणि शनिवार, रोज चार तास. साहेबांना जाहिरातीतून थंडगार हवा आल्यासारखं वाटलं. त्यांच्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं : एसी हॉल, बसायला खुर्ची, छातीवर बिल्ला, आणि पोरांवर डाफरायची अधिकृत परवानगी. 'काचेला हात लावू नका' हे वाक्य तर ते तिथल्या तिथे तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहू लागले.

ते त्याच दिवशी जाऊन अर्ज भरायला बसले, आणि गडबड झाली ती इथं. अर्जात चौकोनच चौकोन होते. जे काम करायची तयारी असेल त्या चौकोनात खूण करायची, बाकीचे सोडून द्यायचे, असं वर स्पष्ट छापलेलं होतं. पण साहेबांनी उभ्या आयुष्यात हजारो अर्ज 'अपूर्ण' असा शिक्का मारून परत पाठवले होते, आणि त्यांतले निम्मे एका रिकाम्या रकान्यापायी. रिकामा चौकोन दिसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. माहिती देणार का? खूण. शाळांच्या सहली सांभाळणार का? खूण. माशांचं खाद्य कापणार का? खूण. पाण्याखाली काम करणार का? इथं पेन अडखळलं. पण खालीच 'पोहता येते का' असा चौकोन होता, आणि पोहता तर येत होतं. खालच्या चौकोनात खूण आणि वरचा मोकळा, हे काही त्यांना बघवेना. त्यांनी तोही भरला. शेवटी 'कार्यालयीन उपयोगासाठी' म्हणून सोडलेल्या जागेतही सही ठोकून दिली. उगाच कुणी अर्ज परत पाठवायला नको.

आठ दिवसांनी फोन आला. फोन कानाला लावला की जंतू येतात, म्हणून साहेब तो नेहमी स्पीकरवर ठेवत.

"काका, मी मत्स्यालयातून बोलतेय," पलीकडून एका मुलीचा खणखणीत आवाज आला. काका! तेहतीस वर्षांत साहेबांना कुणी काका म्हटलं नव्हतं. "अभिनंदन! माहिती द्यायला आमच्याकडे एकोणचाळीस जणांनी नावं दिलीत. पाण्यात उतरायला तयार असलेले तुम्ही एकटेच."

"पाण्यात? म्हणजे कुठल्या पाण्यात?"

"मोठ्या टाकीत. शार्क आहेत ना, ती."

"नाही, त्याचं असं आहे बाई, माझा जरा गैरसमज..." असं ते म्हणणारच होते. पण स्वयंपाकघरातला चमच्याचा आवाज बंद झाला आणि बायको दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे एवढे मोठे झाले होते.

"शार्क?" ती म्हणाली. "अगंबाई! तुम्ही?"

हा जो 'तुम्ही' होता ना, तो साहेबांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कधीतरी ऐकला होता. त्यानंतर नाही. ते काही बोलायच्या आत बायकोनं स्वतःचा फोन उचलला होता.

"ताई, रंग थांबव," ती सांगत होती. "अगं, अर्धी झाली असली तर अर्धी राहू दे. आमचे हे शार्कच्या टाकीत उतरणार आहेत!"

आता नाही म्हणायची सोयच उरली नाही.

पहिली पायरी डॉक्टरांच्या दाखल्याची होती. नेहमीचे डॉक्टर, नेहमीचा दवाखाना, पण बायको हौसेनं बरोबर आली. डॉक्टरांनी साहेबांना वाकवलं, वळवलं, पाठीवर ठोकून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "कंबर तर पंचविशीतल्या पोराची आहे हो तुमची!"

बायकोनं साहेबांकडे वळून बघितलं.

"वीस वर्षं दुखतेय की ती," बायको म्हणाली.

"कुणाची?" डॉक्टरांनी विचारलं.

साहेब भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचण्यात गढून गेले होते. अगदी खालची, बारीक अक्षरांची ओळसुद्धा त्यांनी दोनदा वाचली. घरी जाईपर्यंत बायको मधूनमधून त्यांच्या कंबरेकडे बघत होती.

मग तीन महिन्यांचं शिक्षण सुरू झालं. फोनवरची ती मुलगीच तिथल्या पाणबुड्यांची प्रमुख निघाली. तिला सगळे कप्तानबाई म्हणत. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस, पण आवाज असा की पाण्याखाली बंद होतो म्हणूनच मासे जगले असावेत. पहिल्याच दिवशी तिनं साहेबांच्या हातात डोळ्यांवर लावायचा मास्क दिला आणि सांगितलं, "थुंका."

"कुठं?"

"मास्कमध्ये. आतून काचेला. बोटानं पसरा आणि धुऊन टाका. मग काच धुरकट होत नाही."

साहेब थक्क झाले. त्यांनी थुंकण्यापायी दोन बेकऱ्या आणि एक उपाहारगृह बंद केलं होतं. "याला दुसरा काही उपाय?" त्यांनी कापऱ्या आवाजात विचारलं. नव्हता. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं, तोंड वळवलं आणि आयुष्यातला सगळ्यात गुपचूप केलेला गुन्हा करून टाकला. बाकी शिकणं त्यांना जड गेलं नाही. पोहायची सवय होती, दम चांगला होता. हवेचा सिलिंडर पाठीवर, शिशाचा पट्टा कंबरेला आणि हवेची नळी दातांत धरून ते सरावाच्या टाकीच्या तळाशी बसायला शिकले. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणाही शिकले. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी परीक्षा झाली आणि साहेब पास झाले.

कामाच्या पहिल्या दिवशी, दोघांनी ओढून त्यांना रबरी पोशाखात कोंबल्यावर, कप्तानबाईंनी त्यांच्या हातात एक वस्तू दिली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"ब्रश."

"याचं काय करायचं?"

कप्तानबाईंना वाटलं, काका विनोद करतायत. त्या मनापासून हसल्या. मग साहेबांचा चेहरा बघून थांबल्या. "शेवाळ घासायचं, काका. काच, खडक, तळ. मग त्या जाड नळीनं तळातली घाण ओढून घ्यायची."

"घाण? कुणाची?"

"सगळ्यांचीच. कासवाची जास्त असते."

"आणि शार्कचं आम्ही काय करायचं?"

"त्यांच्या वाटेत यायचं नाही. त्यांना खायला घालायचं काम वरून, लांब काठीनं होतं. ते आमचे पगारी लोक करतात."

साहेब ब्रशाकडे बघत राहिले. आत्ताच्या आत्ता हा पोशाख फाडून घरी जावं, असं त्यांच्या मनात आलं. मग ती अर्धी रंगवलेली आकाशी खोली आठवली. त्यांनी दातांत नळी धरली आणि पाण्यात उडी घेतली.

खाली पोहोचले तर एक पिंपाएवढा मासा खडकाआडून निघून त्यांच्या खांद्याशी येऊन उभा राहिला. मत्स्यालयात त्याला मुकादम म्हणत. कुणी घासायला लागलं की निघणाऱ्या शेवाळात खायला बारीकसारीक मिळायचं, म्हणून तो कामगाराच्या मागून हलायचाच नाही, गोल डोळे वटारून हातातल्या कामाकडे टक लावून बघायचा. साहेबांनी ब्रश एकदा ओढला. मुकादमानं त्यांच्याकडे बघितलं. साहेबांनी दुसऱ्यांदा जरा जोर लावून ओढला. हिरव्या खडकावर पांढरा स्वच्छ पट्टा उमटला, आणि काय सांगावं, साहेबांना बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी आणखी एक पट्टा काढला.

"आज काय केलंत?" घरी आल्यावर बायकोनं विचारलं. तिनं चहा आणून हातात दिला होता.

"पाहणी."

"शार्कची?"

"सर्वसाधारण पाहणी."

"भीती नाही वाटली?"

"सवयीचा भाग असतो," साहेब म्हणाले आणि तिथंच फसले. कारण सर्वसाधारण पाहणीनं बायकोचं समाधान होईना. शार्क किती लांब होता? दात कसे होते? साहेबांनी दातांचं थोडं वर्णन केलं. गुरुवारी आणखी थोडं केलं. बायको सकाळी ज्या नऊ बायकांबरोबर फिरायला जायची, त्यांच्यापर्यंत ते जाईतो साहेब शार्कचा जबडा उघडून दात मोजायला लागले होते. घरात मात्र शांतता नांदत होती. साहेब दमून यायचे, जेवायचे आणि झोपायचे. फ्रिजच्या माथ्यावर काय चाललंय, याची चौकशी करायला त्यांच्यात त्राणच नसायचं.

"नखांत हे हिरवं काय आहे?" एकदा बायकोनं त्यांचा हात धरून विचारलं.

"समुद्र," साहेब म्हणाले.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण ताई आल्या. ताई म्हणजे बायकोच्या थोरल्या बहीण. साहेबांबद्दल त्यांचं मत लग्नाच्या बोलणीत जे झालं होतं, ते चौतीस वर्षांत अक्षरानंही बदललं नव्हतं.

"हे बघ," त्या साहेबांसमोरच बहिणीला म्हणाल्या, "जो माणूस आंघोळीचं पाणी दोन तांबे कमी पडलं तर घर डोक्यावर घेतो, तो शार्कचे दात मोजतो? मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवायची नाही. खोटं निघालं तर रंगारी सोमवारी येईल आणि तू मंगळवारी यायचंस. खोटारड्या माणसाबरोबर म्हातारपण काढायचं नाही, सांगून ठेवते."

"खोटं कशाला निघेल?" बायको म्हणाली. "चल की उद्या. शनिवारच आहे. माझ्या फिरायच्या बायका पण कधीच्या मागं लागल्यात." मग ती साहेबांकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर एवढा अभिमान होता की साहेबांना बघवेना. "नाही का हो?"

"शनिवारी गर्दी असते," साहेब कसेबसे म्हणाले.

"बघू देत की गर्दीला पण!"

शनिवारी साहेब तासभर आधी जाऊन कप्तानबाईंना गाठून बसले. "आज मला ब्रश नको," ते म्हणाले. "मी आज नुसता फिरतो."

"फिरता? काका, समोरची काच हिरवट झालीय. गर्दीचा दिवस आहे. घासायलाच हवी. आणि आज मीच आहे तुमच्या जोडीला."

साहेबांनी पाण्यात उतरता उतरता बेत ठरवला. मागच्या खडकाआड घासत बसायचं, आणि बायका आल्या की ब्रश तिथंच टाकून रुबाबात पुढं यायचं. बेत बरा होता. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली नाही. ब्रश पाण्यात हरवू नये म्हणून तो दोरीनं मनगटाला बांधलेला असतो आणि दोरीची गाठ वरच आवळलेली असते.

बरोबर अकराला बायका आल्या. पांढरे बूट घातलेल्या नऊ बायका, मध्ये नटून आलेली बायको, आणि सगळ्यांच्या पुढं हाताची घडी घालून ताई. साहेब खडकाआडून निघाले. पूर्वी हॉटेलांतून फिरायचे तसे, दोन्ही हात पाठीमागं बांधून, छाती काढून ते काचेसमोरून संथपणे जाऊ लागले. ब्रश त्यांनी पाठीमागं सोडून दिला होता. ब्रशाला लाकडी मूठ होती. ती तरंगत वर आली आणि साहेबांच्या डोक्यावर, वीतभर उंचीवर, ब्रश ताठ उभा राहिला.

काचेपलीकडची पोरं हसायला लागली. साहेबांना कळेना का हसतायत. मग त्यांनी वर बघितलं आणि ब्रश खाली ओढला. तो पुन्हा वर गेला. त्यांनी तो काखेत दाबला. आता निदान एखादा शार्क तरी दाखवायला हवा, म्हणून ते सगळ्यात जवळच्या शार्ककडे निघाले आणि त्याच्या तोंडाशी वाकून बघायचा आव आणला. शार्क बिचकला. त्यानं तोंड फिरवलं आणि तो दुसरीकडे निघून गेला. साहेब मागं गेले. शार्कनं वेग वाढवला. कप्तानबाई लांबून जिवाच्या आकांतानं हात हलवत होत्या, 'सोडा त्याला! काचेवर या! घासा!' साहेबांनी मान हलवून नकार दिला.

बायकोला मात्र तो पाठलागच फार आवडला होता. शार्क पुढं, नवरा मागं! तिनं आनंदानं अंगठा वर करून दाखवला. साहेबांना भरून आलं. त्यांनीही अंगठा वर करून दाखवला.

पुढच्याच क्षणी कप्तानबाईंनी त्यांचा पट्टा मागून धरला आणि त्यांना वर काढलं.

"काय झालं काका? दम लागला? छातीत दुखतंय?"

"छे! बायको आहे."

"कुठं?"

"खाली. काचेबाहेर."

"मग वर चला म्हणून खूण का केलीत? पाण्यात अंगठा वर म्हणजे वर न्या! तीन महिने काय शिकवलं मी?" कप्तानबाईंचा पारा चढला होता. "आता गुपचूप खाली चला. आणि हो, परत त्या शार्कच्या मागं गेलात तर शार्कला नाही, तुम्हाला बाहेर काढीन."

खाली गेल्यावर कप्तानबाईंनी काही चान्सच ठेवला नाही. त्यांनी साहेबांना दंडाला धरून काचेच्या बरोबर मध्यावर नेलं, अकरा बायकांच्या समोर उभं केलं, काखेतला ब्रश काढून त्यांच्या हातात दिला आणि हात काचेवर टेकवला.

आता सुटका नव्हती. साहेबांनी डोळे खाली घातले आणि घासायला सुरुवात केली.

एक पट्टा निघाला, त्यातून त्यांना बायको स्पष्ट दिसली. तिचं तोंड उघडं पडलं होतं. ताईंच्या हातांची घडी सुटली होती. नऊच्या नऊ बायका पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. ज्या माणसानं चौतीस वर्षांत पाण्याचा सांडलेला थेंब पुसला नाही, तो माणूस गुडघे टेकून, दोन्ही हातांनी, काचेवरून ब्रश फिरवत होता, आणि तेही कंबरेला शिशाचा पट्टा बांधून. साहेबांना वाटलं, संपलं. शार्क गेला, दात गेले, बायकोही गेली. मास्कच्या आत डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायचीही सोय नव्हती.

एवढ्यात काचेवर टकटक झालं.

साहेबांनी वर बघितलं. बायको अगदी काचेपाशी आली होती. तिनं बोट टेकवलं होतं, डाव्या बाजूला, खाली. साहेबांना आतून तिथं डाग काही दिसेना. तरी त्यांनी ब्रश फिरवला. बायकोनं मान हलवली. आणखी खाली. साहेब आणखी खाली गेले. आणखी. हं, आता. तिनं मान डोलावली आणि बोट उजवीकडे नेलं.

चाळीस मिनिटं हे चाललं होतं. बायको बोट ठेवायची, साहेब घासायचे. मग फिरायच्या बायकांनाही जोर चढला आणि चार-चार बोटं एकदम टेकायला लागली. मागं खांद्याशी मुकादम डोळे वटारून होताच. साहेब हादरून गेले होते. तेहतीस वर्षांत ज्या ज्या आचाऱ्याला त्यांनी बोट दाखवलं होतं, ते सगळे त्यांना एकेक करून आठवायला लागले. हवा संपत आली तेव्हा काच एवढी स्वच्छ झाली होती की एक पोरगं धावत येऊन तिच्यावर आपटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब कपडे बदलून बाहेर आले, तेव्हा बायको कप्तानबाईंशी काहीतरी बोलून परत येत होती. "मी सांगणारच होतो," साहेब घराच्या जिन्यात म्हणाले, पण ते कुणी ऐकलं नाही. दार उघडून तिघं आत आल्यावर ताईंनी कंबरेवर हात ठेवले.

"मग? सोमवारी रंगाऱ्याला बोलावू ना?"

"बोलाव," बायको म्हणाली.

साहेब खुर्चीत बसले.

"खोली पुरी करून घे," बायको पुढं म्हणाली, "आणि तुझं शिवणाचं मशीन ठेव तिथं. मला यायला वेळ नाही. मंगळ, गुरू, शनि मी कामात आहे."

"कसलं काम गं?" ताईंनी आ वासून विचारलं.

"आहे एक." मग ती साहेबांकडे वळली. "कंबरेचं आणि दातांचं आपण नंतर बोलू."

साहेबांनी एक शब्दही विचारला नाही. निकाल आपल्या बाजूनं लागला की कारणं विचारत बसू नये, एवढं ते नोकरीत शिकले होते. रविवार-सोमवार त्यांनी श्वास रोखून काढले. बायको कुठंही गेली नाही.

मंगळवारी ते मत्स्यालयात आले ते हलक्या मनानं. आता लपवायचं काहीच नव्हतं. कप्तानबाईही खुशीत दिसत होत्या.

"काका, शनिवारसारखी काच आजवर निघाली नव्हती! आतून डाग दिसत नाहीत, ते बाहेरून कुणीतरी दाखवायला हवेत, हे इतकी वर्षं आमच्या टाळक्यातच शिरलं नाही. आता त्यासाठी वेगळा स्वयंसेवक घेतलाय. चार तास काचेबाहेर उभं राहून नुसतं दाखवायचं."

एसी हॉल, छातीवर बिल्ला, आणि काम काय तर नुसतं दाखवायचं! "हे काम तर मीच..." ते म्हणायला लागले.

"तुम्ही पाण्यातच बरे आहात," कप्तानबाई म्हणाल्या आणि त्यांनी साहेबांच्या तोंडात नळी दिली.

साहेब खाली उतरले. मुकादम आला. साहेब काचेसमोर गेले आणि तिथल्या तिथे थिजले. पलीकडे मत्स्यालयाचा निळा सदरा घालून, छातीवर बिल्ला लावून, खुर्ची पुढं ओढून बायको बसली होती. तिनं काचेवर अगदी शांतपणे बोट टेकवलं.

चार तासांनी दोघं बसच्या थांब्यावर उभी होती. साहेबांच्या कानांत अजून पाणी होतं आणि हात खांद्यातून निखळल्यासारखे झाले होते.

"अगं, पण हे काय आहे?" अखेर त्यांना कंठ फुटला. "तुला माझ्यापासून सुटका हवी होती ना? आठवड्यातले तीन दिवस, चार-चार तास! त्याच्यापायी मी शार्कच्या टाकीत उतरलो! आणि आता तूच तिथं येऊन माझ्यासमोर बसायला लागलीस?"

बायकोनं शांतपणे बिल्ला काढून पर्समध्ये ठेवला.

"मिळतेय की सुटका," ती म्हणाली. "मध्ये वीतभर जाड काच आहे, आणि तुमच्या तोंडात नळी."

बस आली, तशी ती पुढं होऊन चढलीसुद्धा.